मनगट मोकळं, मग मोजणार कोण?

«ताई, मी तिशीची आहे. कळव्याहून रोज मरोळला जाते, एका छोट्या कंपनीत प्रॉडक्ट डिझायनर आहे. येत्या सोमवारपासून आमच्या पाच जणांच्या टीमला पाच दिवसांचा स्प्रिंट करायचाय, म्हणजे पाच दिवसांत कल्पना ठरवून तिचा नमुना करून तपासायचा. विषय असा: चाळिशीपुढच्या नोकरदार बायकांसाठी, घड्याळ, पट्टा, अंगठी असं काहीही अंगावर न घालता तब्येतीची नोंद ठेवणारं अ‍ॅप. शुक्रवारी डेमो. विकायचं कंपन्यांच्या एचआर विभागांना. आमच्या डेव्हलपरला फोनच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी मोजायची आहे. सरांना रोज सकाळी शंभरपैकी एक स्कोअर हवाय. आणखी एकाला रोज दहा प्रश्न विचारायचेत. मला यातलं काहीच पटत नाही, पण का पटत नाही ते मीटिंगमध्ये धड सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी आईला फिटनेस बँड घेऊन दिला होता. कणीक मळताना काढून ठेवायची, बांगड्यांत अडकायचा, घामाने पुरळ आलं. आता तो कपाटात पडून आहे. आई अजून नोकरी करते. हल्ली कळवा स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबते, पण विचारलं की ‘काही नाही गं’ म्हणते. अ‍ॅपने नेमकं काय मोजावं? आणि पाच दिवस कसे वापरावेत?»
— कळव्याची एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आईबद्दलच्या त्या दोन ओळींकडे मी शेवटी येणार आहे, विसरलेले नाही.

आधी तुला काय खटकतंय ते तुझ्या हातात देते. पट्टा मनगटावर असतो तेव्हा मोजण्याचं काम पट्टा करतो. पावलं तो मोजतो, झोप तो मोजतो, बाईने फक्त तो घालायचा आणि चार्ज करायचा. पट्टा काढला की ते काम नाहीसं होत नाही, ते बाईकडे येतं. बोट ठेवायचं तिने, प्रश्नांना उत्तरं द्यायची तिने, आठवण ठेवायची तिने. तुमच्या टीममधले तिघंही ‘अंगावर काही नको’ म्हणताहेत आणि प्रत्येक जण तिच्यावर एक नवं काम टाकतोय. चाळिशीपुढची नोकरी करणारी बाई सकाळी साडेपाचला उठून डबे भरते. तिच्याकडून दिवसातली किती सेकंदं मागायची, आणि त्या बदल्यात तिला काय द्यायचं, हा या स्प्रिंटचा खरा प्रश्न आहे.

आता कॅमेऱ्याचं बघू, कारण डेव्हलपरशी बोलताना ते कसं चालतं हे तुला ठाऊक असायला हवं. बोट कॅमेऱ्यावर ठेवलं आणि फ्लॅश लावला की प्रकाश बोटातून जातो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बोटात रक्त थोडं वाढतं, थोडं ओसरतं, तसा कॅमेऱ्याला दिसणारा रंग किंचित बदलतो. ते बदल मोजले की नाडी मिळते. विज्ञान खरं आहे. कोविडच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचं मूळ तत्त्वही याच जातीचं. पण बसलेलं, निवांत, हात न हलणारं माणूस लागतं. बोट जोरात दाबलं की रक्त सरकत नाही, गार पाण्यात भांडी घासून आलेल्या बोटांत सिग्नल कमी येतो. लोकलमध्ये एक हात कडीला आणि दुसरा पर्सवर असलेल्या बाईकडे तिसरा हात नसतो. हे सगळं जमलं असं धरलं, तरी स्क्रीनवर येणार ८२. विश्रांतीतली नाडी ६० ते १००च्या दरम्यान असली की ठीक मानतात. मग ८२ बघून तिने काय करायचं? मनगटावर दोन बोटं ठेवून तीस सेकंद मोजून दुप्पट केली तरी हाच आकडा मिळतो. आणि त्याच बोटावरून रक्तदाबही सांगू, ताणही सांगू असं कुणी म्हणायला लागलं, तर तिथे ठाम नाही म्हण. ते अजून भरवशाचं नाही. शिवाय १ एप्रिल २०२०पासून आपल्याकडे रोगनिदानासाठी केलेलं सॉफ्टवेअरसुद्धा वैद्यकीय उपकरण म्हणून औषध कायद्याखाली येतं. ‘वेलनेस’चा शब्द लावून निदान करता येत नाही.

दहा प्रश्नांबद्दल एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेची मनःस्वास्थ्याची जी प्रसिद्ध प्रश्नावली आहे, तिच्यात विधानं पाच आहेत आणि ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. ज्यांनी आयुष्य यात घातलं त्यांना पंधरवड्याला पाच पुरतात, तर आपल्याला रोज दहा कशाला?

आणि स्कोअर. सरांना तो का हवाय हे मला कळतं, डेमोमध्ये मोठा आकडा छान दिसतो. पण झोप बिघडली आणि चालणं वाढलं तर ७१ हा आकडा ७१च राहतो, आणि बाईला कळायला हवं होतं ते नेमकं त्याच्या आड लपतं. गोल आकड्यांचा मोह जुना आहे. दहा हजार पावलांचा जो नेम आज सगळे सांगतात, तो १९६५च्या सुमाराला जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. आकडा आधी आला, त्याचा अभ्यास पुष्कळ नंतर झाला.

मग काय मोजायचं? इथे मला तुला अंगणवाडीत न्यायचंय.

सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा दंडघेर मोजायची एक पट्टी असते, तू पाहिली असशील. डाव्या दंडाला, कोपर आणि खांद्याच्या बरोबर मध्ये गुंडाळायची. तिच्यावर तीन रंग असतात. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, पुढे हिरवा. सेविका पट्टी किंचित ओढते आणि खिडकीत कोणता रंग येतो तो बघते. आई शेजारीच बसलेली असते, तिलाही तो दिसतो. कुणाला आकडा वाचावा लागत नाही, आणि प्रत्येक रंगापुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. लाल आला तर मूल पुढे पाठवायचं, त्यात चर्चा नाही. बॅटरी नाही, चार्जिंग नाही, आणि क्षणभराचं काम. तुमच्या भिंतीवर सोमवारी काही चिकटवायचं असेल तर ही पट्टी चिकटवा. प्रत्येक मापाला ‘मग काय करायचं’ हे उत्तर जोडलेलं हवं, आणि ज्या मापाला ते उत्तर नाही ते मोजूच नये, हे मी माझ्या कामात या पट्टीकडून शिकले.

दुसरं उदाहरण क्षयरोगाच्या औषधांचं. आपल्या देशात अशी एक पद्धत वापरली गेली की गोळ्यांच्या पाकिटात गोळीच्या मागे एक फोन क्रमांक लपलेला असायचा. गोळी काढली की तो दिसायचा, रुग्णाने तिथे फुकटात फोन लावायचा, तेवढ्यावर ‘आज गोळी घेतली’ अशी नोंद. साधा फोन चालायचा. नोंद एका आधीच होणाऱ्या कृतीला चिकटवली होती, ही त्यातली हुशारी. गोळी घेऊनही फोन न करणारे लोक असायचेच, ही त्यातली खोट. दोन्ही लक्षात ठेव.

आता तुझ्या बायकांच्या दिवसात अशी कोणती कृती आहे, जी रोज होते, त्याच वेळी होते आणि जिच्यात शरीराची परीक्षा आपोआप होते? उत्तर तूच पत्रात लिहिलंयस. पूल.

कळव्याहून मरोळला जायला तू बहुतेक घाटकोपरला उतरतेस आणि मेट्रो धरतेस. प्लॅटफॉर्मपासून मेट्रोपर्यंतचे जिने कालही तेवढेच होते, आजही तेवढेच आहेत. मुंबईतल्या लाखो बायका रोज सकाळी ठरलेल्या पायऱ्या, ठरलेल्या घाईत, खांद्याला पर्स आणि हातात डबा घेऊन चढतात. प्रयोगशाळेत एवढी नेमकी चाचणी लावायला पैसे पडतात. दमछाक ओळखायला व्यायाम शिकवणारे लोक ‘बोलता येतंय का’ ही साधी कसोटी वापरतात: सलग वाक्य बोलता आलं तर श्रम झेपताहेत, दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं तर श्रम जास्त झालेत. तेव्हा एकच प्रश्न विचारा. पूल चढून आल्यावर मैत्रिणीशी सलग बोलता आलं का? उत्तरं तीन: आलं, थांबत थांबत आलं, मध्येच पुलावर उभं राहावं लागलं. गर्दीमुळे थांबावं लागलं तर ते धरू नका, हे प्रश्नातच सांगा, नाहीतर घाटकोपरचा सगळा पूल आजारी निघेल. दिवसाचे पाच सेकंद झाले. एका दिवसाच्या उत्तराला काही अर्थ नाही. पण जी बाई महिनाभर ‘आलं’ म्हणत होती ती आठवडाभर ‘थांबत थांबत’ म्हणायला लागली, तर ती बातमी आहे. आणि त्या बातमीला पुढची पायरी आहे: डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब बघा.

हिमोग्लोबिन मी उगाच म्हणत नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. चाळिशीत पाळीचं वेळापत्रक बिघडतं, रक्तस्राव वाढतो, बाई थकते, जिन्यावर धाप लागते, आणि ती म्हणते ‘वय झालं’. धाप हे मोजमाप म्हणून मला पटतं ते यासाठी. ते तिला आधीच जाणवतंय, तुम्ही फक्त ते तिला दोन महिन्यांच्या अंतरावरून परत दाखवायचंय.

मी पूलच घ्या असं म्हणत नाही. घरून काम करणाऱ्या बाईला पूल नाही, तिच्या इमारतीचा जिना असेल, लिफ्ट असेल तर तोही नाही. शोध मात्र अशाच जागेचा घ्या.

आता पाच दिवस. हा पाच दिवसांचा साचा गुगल व्हेंचर्स या गुगलच्या गुंतवणूक शाखेत जेक नॅप नावाच्या डिझायनरने बसवला: सोमवारी प्रश्न मांडायचा, मंगळवारी आराखडे, बुधवारी निवड, गुरुवारी नकली पण खरं भासणारं प्रॉडक्ट, शुक्रवारी पाच जणांसमोर चाचणी. साचा चांगला आहे, मी तो पुष्कळ वेळा वापरलाय. पाच माणसांत बटण कुठे अडतं, शब्द कुठे कळत नाही हे बहुतेक कळून येतं. पण तुमचं प्रॉडक्ट सवयीचं आहे, आणि सवय शुक्रवारी दुपारी एका तासात तपासता येत नाही. त्या तासाला प्रत्येक बाई ‘हो, छान आहे, वापरीन की’ म्हणेल. आपल्या बायका समोरच्याचं मन मोडत नाहीत.

म्हणून चाचणी मंगळवारी सकाळीच सुरू करा. आराखड्यांची वाट बघू नका. पाच बायका आत्ताच, या शनिवार-रविवारी ठरवा. ओळखीच्या असल्या तरी चालतील, कंपनीतल्या नकोत. सोमवारी दिवसभर बोलून एक प्रश्न ठरवा आणि मंगळवारपासून त्यांना रोज ठरलेल्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर तो प्रश्न पाठवा. पलीकडे अ‍ॅप नाही, तू स्वतः बसलेली आहेस. कुणी बटण दाबल्यासारखं एका शब्दात उत्तर देईल, कुणी व्हॉइस नोट पाठवेल, कुणी दुपारी तीनला आठवण आल्यावर लिहील, कुणी उत्तरच देणार नाही. शुक्रवारपर्यंत तुमच्याकडे चार सकाळींची खरी नोंद असेल. चौथ्या दिवशी पाचपैकी किती जणींनी उत्तर दिलं, हा तुमच्या डेमोतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. आणि कधी दिलं ती वेळ लिहून ठेव. मेट्रोत जागा मिळाल्यावर, की ऑफिसात चहाच्या वेळी, त्यावरून तुमच्या सूचनेची वेळ ठरेल.

सोमवारी संध्याकाळी सगळ्या टीमने मरोळच्या ऑफिसात स्टिकी नोट लावत बसण्यापेक्षा निदान तू आणि टीममधली आणखी कुणी बाई असेल तर ती, दोघींनी लेडीज डब्यातून घरी जाताना फक्त हात बघा. कुणाचे हात केव्हा मोकळे होतात, फोन पर्सच्या कोणत्या कप्प्यात असतो, तो कुणाचा आहे.

हे शेवटचं मी का म्हणते, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका टीमसोबत झोपेची नोंद ठेवणारं अ‍ॅप करत होते. फोन गादीवर उशाशी ठेवायचा, हालचालीवरून झोप कळणार. ऑफिसच्या एसी खोलीत गादी टाकून आम्ही एकमेकांवर तपासलं, उत्तम चाललं. मग लालबागच्या एका चाळीत एका ताईंना वापरायला दिलं. आठ दिवस त्यांच्या झोपेचा आलेख आम्ही बघत होतो. रात्री एकपर्यंत जाग, सकाळी नऊपर्यंत झोप. आम्ही चकित. त्या तर पाचला उठून नळावर पाणी भरणाऱ्या. घरी गेलो तेव्हा उलगडलं: रात्री फोन मुलाकडे असायचा, त्याच्या उशाशी. घरात चार्जिंगचं एकच प्लग, तेही त्याच्या बाजूला. खोलीत चौघं ओळीने जमिनीवर झोपायचे. आम्ही आठ दिवस दहावीतल्या मुलाची झोप मोजत होतो आणि त्यावर चर्चा करत होतो. ताईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, «मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला झोप लागतच नाही.» त्या वाक्याने मी आजही थांबते.

फोन घरात फिरतो हे धरलं की आणखी एक गोष्ट येते. स्क्रीन बंद असताना वर झळकणाऱ्या सूचनेत आरोग्याचा शब्दही येऊ देऊ नका. पाळी, रजोनिवृत्ती, थकवा, काहीही नाही. ‘आजचा प्रश्न आलाय’ एवढंच पुरे. मुलगा, नवरा, शेजारी बसलेली सहकारी, कुणीही ते वाचतं.

आणि आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. तू सहज लिहिलंस की प्रॉडक्ट एचआरला विकायचंय. म्हणजे पैसे देणार कंपनी आणि शरीर बाईचं. ज्या दिवशी तिला शंका येईल की पुलावर थांबल्याची नोंद साहेबांच्या टेबलावर जाते, त्या दिवसापासून ती रोज ‘आलं’ लिहील. तिच्या जागी मीही तेच करीन. पंचेचाळिशीत धाप लागते हे कळल्यावर प्रमोशनच्या यादीत आपलं नाव राहील का, हा विचार तिच्या मनात येणारच, आणि तो चुकीचा नाही. एकदा खोटी उत्तरं यायला लागली की अ‍ॅप कितीही सुंदर असो, त्यात उरलेलं काही नाही. तेव्हा कंपनीला काय दिसणार हे बुधवारच्या निवडीतच ठरवा, नंतर नाही. माझं मत: कंपनीला किती जणी वापरतात एवढंच दिसावं, उत्तरं नाहीत, विभागवार सरासरीही नाही. सहा बायकांच्या विभागात सरासरी काढली तर कोण ती सगळ्यांना कळतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतही वाचायला मिळायला हवी अशी तरतूद आहे. मराठी त्यात आहे. ती सूचना वकिलाच्या मराठीत नको, तू लिही. ‘तुमचं उत्तर तुमच्या ऑफिसला दिसणार नाही’ हे वाक्य पहिल्याच स्क्रीनवर, मोठ्या अक्षरात. आणि ते खरं असू दे.

सरांशी कसं बोलायचं? मीटिंगमध्ये स्कोअरला विरोध करू नकोस, तिथे तो त्यांचा मुद्दा आणि तुझा मुद्दा असा सामना होतो. सोमवारी सगळ्यात आधी कपाटातल्या बँडची गोष्ट सांग. कणीक, बांगड्या, पुरळ, जशी मला लिहिलीस तशी. मग विचार, «सर, हा स्कोअर ६४ आला तर माझ्या आईने दुसऱ्या दिवशी काय करायचं?» आणि गप्प बस. त्यांच्याकडे चांगलं उत्तर असेल तर ते ऐक, मनापासून ऐक, कदाचित त्यातून काही निघेल. नसेल तर ती शांतता खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येईल. जमलं तर त्यांना मंगळवारी सकाळी साडेआठला घाटकोपरला बोलाव. तुझ्याबरोबर ते जिने एकदा चढू देत, वर पोचल्यावर त्यांच्याशी स्कोअरबद्दल बोल.

डेव्हलपरला मात्र दुखवू नकोस. त्याची नाडीची कल्पना आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी चहाआधी, बसून, अशी बसू शकते. शांत वेळी घेतलेली विश्रांतीतली नाडी महिनोन्महिने बघायला उपयोगी आहे. फक्त ती पहिल्या आवृत्तीत नको.

आता आई.

तुझ्या पाच बायकांत तिला घेऊ नकोस. ती तुला बरं वाटावं म्हणून उत्तरं देईल, ‘काही नाही गं’ हे तर तिने आधीच दिलंय. पण तू डिझायनर म्हणून जे शोधतेयस ते मुलगी म्हणून तुला सापडलेलं आहे. तोच पूल, तेवढ्याच पायऱ्या, आधी न थांबता चढायची, आता दोनदा थांबते. हे रक्त कमी असल्याने असेल, थायरॉइड असेल, दमा असेल, हृदयाचंही असू शकतं. बायकांमध्ये हृदयाचा त्रास दर वेळी छातीत कळ येऊन सांगत नाही. कधी नुसती धाप लागते, कधी न झेपणारा थकवा येतो, कधी जबडा किंवा पाठ दुखते. कळव्यातच महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नाहीतर तुमचे नेहमीचे डॉक्टर. तिला ‘तपासून घे’ म्हणू नकोस, ती टाळेल. एक दिवस सुट्टी घे आणि बरोबर जा. डॉक्टरांना पुलाचंच सांग, दोनदा थांबते, केव्हापासून, आधी कशी चढायची. रक्त, रक्तदाब, ईसीजी एवढं करून घ्या. मध्येच बसल्या जागी धाप लागली, छातीत दडपलं किंवा दरदरून घाम आला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता १०८ला फोन कर.

स्प्रिंट सोमवारी आहे. आईला त्याच्या आधीच्या शुक्रवारीच ने.

तुझी,
ताई